मागचा पाय

"ह्या बाई पंच म्हणून आम्हाला चालणार नाहीत," नांदेवाडीचे मगदूम सर भर मैदानात म्हणाले. "बोरखेडची वैजू ह्यांची भाची. घरचा पंच कुठं असतो व्हय?"

मी तेव्हा फक्कीनं आखलेल्या रेषा तपासत वाकले होते. तशीच उठले. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर कायमच असे; मी शिकवायचे त्या शाळेत मुली मला मागे काय म्हणत तेही मला ठाऊक होतं.

"नणंदेची मुलगी आहे ती," मी म्हणाले. "पण मामी मी घरी चुलीपाशी बसवून आलेय, सर. इथं फक्त पंच आलाय."

लोक हसले. मगदूम सर हसले नाहीत. त्यांनी सरपंचांकडे पाहिलं. कबड्डीत मुख्य पंचाला सरपंच म्हणतात, आणि त्या दिवशी ते काम इनामदार सरांकडे होतं. इनामदार सरांनी टोपी काढली, टकलावरचा घाम पुसला आणि म्हणाले, "शैलाबाईंनी आजवर कुणाला सूट दिलेली मी बघितलेली नाही. सख्ख्या बहिणीलाही देणार नाहीत. चला, नाणं उडवा."

मला ते वाक्य फार आवडलं. नको इतकं आवडलं.

सामना होता सूतगिरणीच्या आवारात. गिरणीनं त्या वर्षी बायकांचा कबड्डी संघ काढायचं ठरवलं होतं, आणि मॅनेजरसाहेबांनी आधीच जाहीर केलं होतं की अंतिम सामना जिंकणाऱ्या संघाची मुख्य चढाई करणारी मुलगी गिरणीत कायम कामावर घेतली जाईल. सकाळी काम, दुपारी सराव. पांढऱ्या सफारीतले मॅनेजर खुर्ची टाकून पहिल्या रांगेत बसले होते. बोरखेडकडून चढाई करायची वैजू आणि नांदेवाडीकडून नलू. दोघी एकाच वयाच्या, दोघी वाऱ्यासारख्या. म्हणजे जागा एक आणि पोरी दोन, असा सरळ हिशेब होता.

वैजूचे वडील जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. माझी नणंद हौसाक्का दुसऱ्याच्या द्राक्षबागेत विरळणीला जायची. वैजूच्या पाठीवर दोन भावंडं. वैजूला ही नोकरी लागली तर हौसाक्कांचं बागेतलं काम सुटणार होतं, आणि नाही लागली तर वैजूच आईबरोबर बागेत जाणार होती. हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. मला तर जास्तच.

सामन्याआधी हौसाक्का माझ्याजवळ आल्या होत्या. पदराखालून डबा काढला, माझ्या हातात दिला. लाडू होते.

"शैला, लेकराकडं लक्ष ठेव हं," त्या म्हणाल्या.

मी डबा परत त्यांच्या हातात ठेवला. "आक्का, सामना झाल्यावर खाईन. आत्ता कुणी बघितलं तर लाडवाचंही राजकारण व्हायचं."

त्या बिचाऱ्या ओशाळल्या. डबा पदराखाली घालून बायकांच्यात जाऊन बसल्या.

आता खेळाचं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मैदानाच्या मधोमध मध्यरेषा. तिच्या पलीकडे थोड्या अंतरावर निदान रेषा. चढाईला गेलेल्या मुलीनं एका दमात "कबड्डी कबड्डी" म्हणत, कुणाला शिवता आलं नाही तर, ही निदान रेषा एकदा तरी ओलांडलीच पाहिजे. नाहीतर ती बाद, आणि समोरच्या संघाला एक गुण. आणि ओलांडली असं कधी म्हणायचं? पुढचा पाय रेषेपलीकडे टेकलेला असेल आणि त्याच क्षणी मागचा पाय जमिनीवरून सुटलेला असेल तर. मागच्या पायाचा अंगठा जरी अलीकडच्या मातीला लागून राहिला, तरी ती रेषा ओलांडलेली नाही. नियम साधा आहे. पण कुठलाही पंच हा निर्णय सहसा देत नाही, कारण मुलगी वाऱ्यासारखी येते आणि जाते आणि सगळ्यांचे डोळे तिच्या हाताकडे असतात.

वैजूला कबड्डी मीच शिकवली होती. सुट्टीत आमच्याकडे आली की परड्यात राखेनं दोन रेषा ओढायच्या आणि मी कासोटा खोचून समोर उभी राहायचे. लहानपणी ती चढाई करताना भुईवरून उडायची. मग मी तिला पकडून पाडायचे आणि म्हणायचे, "मागचा पाय जमिनीला धरून ठेव. मी पकडलं की तोच पाय तुला ओढत मध्यरेषेपर्यंत नेईल." तिनं ते असं घोटलं की तिला पकडणं पुढं कुणाला जमेना. पण तो पाय कायमचा ओढता झाला. मला ते दिसत होतं. निदान रेषेवर ते एक दिवस आड येईल हेही दिसत होतं. "पुढं बघू" म्हणून मी सोडून दिलं होतं, कारण वैजू जिंकत होती, आणि जिंकणाऱ्या पोरीला कोण टोकतं?

सामना सुरू झाला. काय खेळल्या पोरी! वैजूनं एका चढाईत दोघींना शिवलं, तर लगेच नलूनं बोरखेडच्या तिघींना. मध्यंतराला बरोबरी. नंतर बोरखेड पुढं, मग नांदेवाडी, पुन्हा बरोबरी. माझी एकही चूक झाली नाही. वैजूचा पाय एकदा बाहेरच्या रेषेवर पडला तेव्हा मी क्षणभरही न थांबता हात वर केला आणि ती बाद झाली. मगदूम सरांनी मान डोलावली. तेही मी पाहिलं.

शेवट आला. गुण सारखे. वेळ पाहणाऱ्यानं हात दाखवला की आता दोनच चढाया होतील: एक नलूची, एक वैजूची.

नलू आली, इकडून तिकडे फिरली, कुणाला शिवली नाही आणि परत गेली. रिकामी चढाई. तिनं शहाणपण केलं. उगाच धोका घेऊन पकडली गेली असती तर सगळंच हातचं गेलं असतं.

आता वैजूची शेवटची चढाई. बोरखेडच्या संघाला शिकवणारे पोपटअण्णा बाहेरून घसा फोडून ओरडत होते, "वैजे, काय करू नगंस! जा आन् ये! जादा वेळ घिऊ!"

बरोबरच होतं त्यांचं. बरोबरी राहिली तर जादा वेळ मिळणार, आणि नांदेवाडीची कोपऱ्यातली भक्कम मुलगी केव्हाची लंगडत होती. जादा वेळेत बोरखेडच जिंकणार हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. वैजूला फक्त निदान रेषा ओलांडून परत यायचं होतं. बाकी काही नाही.

वैजू मध्यरेषेला वाकली, माती कपाळाला लावली आणि आत गेली. नांदेवाडीच्या मुली मागे सरकल्या. तिनं डावा पाय निदान रेषेपलीकडे टाकला, हात लांबवला, हुलकावणी दिली आणि मागे वळली. उजवा पाय मातीत ओढत. अंगठ्यानं मातीत बारीक चर उमटला. तो चर मला आजही दिसतो.

ती परत आली. बोरखेडच्या मुली उड्या मारायला लागल्या. आणि मी शिट्टी वाजवली.

"बाद," मी म्हणाले. "निदान रेषा ओलांडली नाही. मागचा पाय टेकलेला होता."

बोरखेडच्या मुली उड्या मारता मारता थांबल्या. मग पोपटअण्णा धोतर सावरत आत धावले.

"अवो बाई, काय बोलताय? हातभर आत गेली पोरगी! तो नियम काय म्हणून केलाय? मधल्या रेषेवर घुटमळत वेळ काढणाऱ्यांसाठी केलाय. ही घुटमळली का?"

"नियम कशासाठी केला ते मला विचारू नका," मी म्हणाले. "नियम काय आहे ते विचारा."

"आख्ख्या सामन्यात एकदा तरी दिला का तुम्ही हा निर्णय?"

"आख्ख्या सामन्यात एकदा तरी असा पाय दिसला का तुम्हाला?"

इनामदार सरांनी आम्हा दोन्ही पंचांना मध्ये बोलावलं. पलीकडच्या बाजूला हजारे नावाचे पंच होते.

"हजारे, तुम्ही काय बघितलं?"

"मी हाताकडं बघत होतो, सर. शिवतीय का न्हाई ते. पायाचं मला सांगता येणार न्हाई."

"शैलाबाई, खात्री आहे?"

"शंभर टक्के."

"बघा हं. शेवटची चढाई आहे. एका गुणानं सामना जातोय."

"पहिली असती तरी हेच सांगितलं असतं."

इनामदार सरांनी नांदेवाडीला गुण दिला. लगेच वेळ संपल्याची शिट्टी झाली.

बाद झालेल्या खेळाडूनं हात वर करून मैदानाबाहेर जायचं, ही आमच्या खेळातली रीत. वैजूनं हात वर केला. जाताना माझ्यासमोर थांबली. काहीतरी बोलायला तिनं तोंड उघडलं, आणि मिटलं. मी तिला लहानपणीच शिकवलं होतं, पंचाच्या तोंडाला तोंड द्यायचं नाही.

मगदूम सर माझ्याकडे आले. सगळ्यांसमोर त्यांनी हात जोडले. "बाई, मघाशी बोललो ते पोटात घाला. असा पंच आमी बघितला न्हाई." कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग बऱ्याच जणांनी वाजवल्या. मॅनेजरसाहेबसुद्धा उठून उभे राहिले. मला त्या टाळ्या गोड लागल्या. माझी भाची मैदानाच्या कडेला आईच्या मांडीत तोंड खुपसून रडत होती, आणि मला टाळ्या गोड लागल्या. लाज वाटते, पण तसंच होतं ते.

लाडवांचा डबा काही परत माझ्याकडे आला नाही.

घरी आमच्या ह्यांना सगळं आधीच कळलं होतं. पानावर बसले, पहिला घास घेतला आणि विचारलं, "निर्णय बरोबर होता?"

"बरोबर होता."

"मग तू का जेवत नाहीस?"

मी भाकरी मोडली. तशीच ताटात ठेवली.

"लोकांचं म्हणजे आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं," ते ताटाकडे बघत म्हणाले. "तू उलटीच निपजलीस."

एवढंच बोलले. कधीच जास्त बोलायचे नाहीत. पण त्या वर्षी भाऊबीजेला हौसाक्का आल्या नाहीत. हेच एकटे बोरखेडला जाऊन ओवाळून घेऊन आले. येताना त्यांच्या हातात माझ्यासाठी काही नव्हतं, आणि मीही काही विचारलं नाही.

नलू गिरणीत लागली. पुढं गिरणीच्या संघाची कर्णधार झाली. वैजू आईबरोबर बागेत जायला लागली आणि दोन वर्षांत तिचं लग्न झालं, तेही द्राक्षबागांच्याच गावी. नवरा चांगला होता, पण घर मोठं आणि कामाचं होतं. मी लग्नाला गेले. भारी पैठणी नेली, आमच्या ऐपतीबाहेरची. हौसाक्कांनी ती हातात घेऊन बघितली आणि म्हणाल्या, "कशाला एवढी? ती नेसून बागेत जाणार हाय व्हय?"

मी पंचाचं काम करतच राहिले. दरवर्षी नियमांचं पुस्तक नवं यायचं, आणि मी पहिल्यांदा निदान रेषेचंच पान उघडायचे. नियम तोच असायचा. मी बरोबर होते. रात्री झोप लागली नाही की मनाशी हेच म्हणायचे: शैला, तू बरोबर होतीस. पण बरोबर असलेल्या माणसाला ते इतक्यांदा म्हणावं का लागावं, हा प्रश्न मी स्वतःला विचारत नव्हते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मी निवृत्त झाले. हे गेले. हौसाक्काही गेल्या, शेवटच्या दुखण्यात मी त्यांना भेटले, पण सामन्याचा विषय त्यांनीही काढला नाही आणि मीही नाही. आणि मग मागच्या वर्षी वैजूचा फोन आला.

"मामी, चार दिवस येता का हिकडं? हवापालट हुईल. आन् माझ्या पोरींचा खेळबी बघाल."

वैजूनं तिच्या गावात मुलींचा संघ काढला होता. बागेतलं काम आटोपलं की शाळेच्या मैदानात शिकवायची. फक्की स्वतः मारायची. तिची धाकटी मुलगी सायलीही त्यात होती. मी गेले त्या संध्याकाळी पोरींनी दोन संघ पाडले आणि वैजूनं गळ्यातली शिट्टी काढून माझ्यासमोर धरली.

"घ्या, मामी. पंच तुम्हीच व्हा."

मी हात मागे घेतला. "नको गं. डोळे गेले आता माझे."

"डोळे तुमचे काय गेल्यात!" ती हसली. मग हसू तसंच ओठांवर ठेवून म्हणाली, "मामी, एक इचारू? रागवायचं न्हाई."

"विचार."

"त्या दिवशी माझ्या आधी नलूची चढाई झाली. रिकामी. आठवतीय?"

"आठवते ना."

"तिनं निदान रेषा वलांडली हुती का?"

मी तोंड उघडलं. "ओलांडली," म्हणायला निघाले होते. पण डोळ्यांसमोर आणून बघते तर नलूचे पायच दिसेनात. नलू आत आली, फिरली, गेली, हे दिसत होतं. पण तिचा मागचा पाय कुठं होता? उचललेला होता? टेकलेला होता? काहीच नव्हतं. तिथं नुसती जागा होती.

"मला… मला आठवत नाही, वैजू."

"आठवत कसं आसंल?" ती शांतपणे म्हणाली. "तुम्ही बघितलंच न्हाई. मी बचावाला कोपऱ्यात हुते. माझ्या टाचंमागं बाहेरची रेषा. मी नलूकडं बघायचं सोडून तुमच्याकडं बघत हुते, कारण तुम्ही आख्खा वेळ माझ्याच पायाकडं बघत हुता. माझी टाच रेषेवर पडती का, त्येच. नलू मधल्या रेषेपासनं पुढं आलीच न्हाई, मामी. निदान रेषेला तिचा पाय लागलासुद्धा न्हाई. बाकीचे पंच हाताकडं बघत हुते, पण आमच्या समद्या पोरींनी बघितलं."

"मग बोलली का नाहीस?" मी विचारलं. "तेव्हाच का बोलली नाहीस गं?"

"काय बोलू? पंचाला सांगू, मामी माझ्याकडं लई बघती म्हणून?"

नलू बाद झाली असती तर बोरखेड एका गुणानं पुढं गेलं असतं. मग वैजूचा पाय ओढला, ती बाद झाली, तरी बरोबरी राहिली असती. जादा वेळ मिळाला असता. हे गणित मी उभ्या जागी केलं, जे मला त्या दिवशी करायचं सुचलंच नव्हतं. माझा निर्णय बरोबर होता. त्याबद्दल आजही कुणी बोट दाखवू शकणार नाही. फक्त तो एकाच पोरीला दिला होता. समोरच्या लोकांनी मला घरचा पंच म्हणू नये म्हणून मी सामनाभर घरच्याच पोरीची चूक शोधत बसले होते, आणि परकीच्या पायाकडे मान वळवली नव्हती. वर टाळ्याही घेतल्या होत्या.

मी शाळेच्या पायरीवर बसले. "वैजू, माझं चुकलं गं," मी म्हणाले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा रडले. तिच्यासमोर, पोरींसमोर. हौसाक्कांनी पुढं केलेला डबा आठवला. लेकराकडं लक्ष ठेव म्हणाल्या होत्या त्या.

वैजू माझ्याशेजारी बसली. तिनं माझी समजूत घातली नाही, आणि ते बरंच केलं. घातली असती तर मला सहन झालं नसतं. ती म्हणाली, "आईला म्या कधी सांगितलं न्हाई. तिला वाटायचं माझाच पाय चुकला."

"चुकलाच होता. मीच शिकवलेला पाय तो."

"व्हय," ती म्हणाली. "सायलीचाबी तसाच हाय बघा. माझ्याकडनं गेलाय."

मैदानातून सायली ओरडायला लागली होती, "आई, चल की! अंधार पडंल!" वैजू उठली आणि शिट्टी पुन्हा माझ्यासमोर धरली.

"तू घे," मी म्हणाले. "मला नको लाजवू."

"न्हाई, मामी. तुमच्याएवढं बारीक कुणालाच दिसत न्हाई. तुम्हीच बघा." तिनं शिट्टीची दोरी माझ्या गळ्यात घातली आणि नीट सरळ केली. "पण समद्यांचं बघा."

मी डोळे पुसून रेषेच्या कडेला जाऊन उभी राहिले. सायली कोपऱ्यात बचावाला उभी होती, टाचेमागे बाहेरची रेषा. माझी नजर सवयीनं तिच्याकडेच गेली. ती मी ओढून काढली.

समोरून चढाईला एक पोरगी आली. काळीसावळी, वेणी घट्ट बांधलेली. तिचं नाव मला ठाऊक नव्हतं. मी तिच्या मागच्या पायाकडे पाहिलं.